इम्प्लांटची माहिती पेशंटच्या हातात द्या

मा. संपादक, स.न.

तुमच्या पुरवणीत सांधेबदलावर लेख आलेला तो वाचला, खर्च, फिजिओ, कमोड सगळं व्यवस्थित दिलंय, पण एक गोष्ट राहिली म्हणून लिहितोय. इम्प्लांट बसवलेलं हाड परत मोडतं तेव्हा बऱ्याचदा जिथे धातू संपतो तिथेच मोडतं. प्लेटच्या शेवटच्या स्क्रूपाशी, नाहीतर रॉडच्या टोकाशी.

आमच्या वहिनींचं असंच झालं. गुडघा आधीच बदललेला, नंतर त्याच पायाचा खुबा मोडला म्हणून वर प्लेट आणि स्क्रू, आणि यंदा पावसात बिल्डिंगच्या ओल्या लादीवर पाय घसरला तर मांडीचं हाड बरोबर मधे गेलं, प्लेटच्या सगळ्यात खालच्या स्क्रूपाशी. लगेच नातेवाईक सुरू, पहिलं ऑपरेशनच चुकलं, केस करा वगैरे. मला ते पटलं नाही. मी आयुष्यभर वर्कशॉपमधे फिटर होतो, शाफ्ट कुठे तुटतो ते आम्हाला विचारा, जिथे जाडी एकदम बदलते किंवा की-वे (चावी बसवायची खाच) कापलेला असतो तिथेच तुटणार. हाडाला वेगळा नियम नाही. स्टील हाडापेक्षा साधारण दहापट ताठ, टायटॅनियम पाच-सहापट, त्यामुळे हाड जरा वाकायला जातं तेव्हा प्लेटखालचा भाग हलत नाही आणि सगळा ताण प्लेट संपते तिथे गोळा होतो. त्यात स्क्रूची भोकं. पत्रा ओढला तर छोट्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो हे किर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1898 मधेच गणिताने दाखवून दिलंय. वहिनींच्या पायात तर वर प्लेट, खाली गुडघ्याचा धातू आणि मधे उरलेला हाडाचा तुकडा, तोही म्हातारपणाने ठिसूळ झालेला. वर प्लेटखालच्या हाडावर वर्षानुवर्षं भार कमी पडला की तेही पातळ होत जातं, हाड वापराप्रमाणे घडतं हे वोल्फ नावाच्या डॉक्टरने 1892 मधे मांडलं होतं. म्हणजे डॉक्टरचा हात चुकलाच असं नाही, प्लेट लावली नसती तर वहिनी तेव्हाच अंथरुणाला खिळल्या असत्या.

माझी तक्रार वेगळीच आहे. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'प्लेटिंग केले' एवढंच लिहिलेलं. कंपनी कुठली, साइज काय, काही नाही. आता दुसऱ्या हॉस्पिटलला ती प्लेट काढून लांब प्लेट लावायची तर जुन्या स्क्रूला षटकोनी पाना लागतो की स्टारचा हे आधी कळायला नको का? आणि गुडघ्यातून खालून रॉड घालायचा झाला तर त्या मॉडेलला मधे मोकळी जागा आहे की बंद, हे माहीत असल्याशिवाय ठरवणार कसं. जुन्या हॉस्पिटलात फोन केला तर फाइल रेकॉर्डमधे आहे, अर्ज करा. पेशंट ट्रॅक्शन लावून पडलेला आणि आपण अर्ज करा! शेवटी घरच्या कपाटात जुना एक्स-रे सापडला, तो बघून पान्यांचे वेगवेगळे सेट मागवले आणि काम झालं. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या बॉक्समधे तर सोलून चिकटवायचे स्टिकर येतात, हॉस्पिटल ते आपल्या फाइलला लावतं, त्यातलाच एक पेशंटच्या कार्डावर लावायला काय जातं? 2017 मधे सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणली तेव्हा किमतीची केवढी चर्चा झाली, पण पायात नक्की काय बसवलंय ते पेशंटला लिहून द्या यावर कोणी बोलताना मी तरी ऐकलं नाही.

आणि कार्डावर अजून दोन ओळी हव्यात. खुब्याचा सांधा बदललाय आणि मांडीत नवीन दुखणं सुरू झालं, पाय टेकला की कळ येते, तर बाम चोळत बसू नका, एक्स-रे काढा, आतला दांडा सैल झालेला असू शकतो. आणि बाइकवरून पडलेली जी पोरं प्लेट काढून घेतात त्यांनी लगेच फुटबॉल खेळू नये, रिकामी भोकं भरायला काही महिने जातात, तोवर हाड तिथे कच्चंच. आमच्या चाळीतल्या एकाला तर प्लेट काढली म्हणजे आता सगळं ओके असंच वाटत होतं, डॉक्टरनी सांगितलंही असेल म्हणा, पण तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं.

खुबा पहिल्यांदा मोडला तेव्हाच वहिनींची डेक्सा टेस्ट (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून हाडांची औषधं सुरू करायला हवी होती, तीही आत्ता सुरू झालीयत. पुरवणीत पुढचा लेख त्यावर घ्यावा ही विनंती.

– एक निवृत्त फिटर, लालबाग, मुंबई