फुंकायचं मशीन तालुक्याला कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावागावात आशाताई तिशीच्या वरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरून घेतात, त्यात तंबाखू-दारूचं असतं, आणि दम लागतो का, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का, स्वयंपाक कशावर करता हेही विचारलेलं असतं. प्रश्न अगदी बरोबर आहेत. पण बीपीची शंका आली तर लगेच पट्टा बांधून बघतात, शुगरला बोटाला टोचतात, आणि दम लागतो म्हटलं की फार तर ऑक्सिमीटर लावतात, ९८ आलं की चला सगळं नॉर्मल. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार, सुरुवातीला ऑक्सिमीटरवर दिसत नाही, एक्स-रे सुद्धा बऱ्याचदा साफ येतो. तो कळतो स्पायरोमेट्रीत, म्हणजे छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं, मग पंपाचं (इनहेलरचं) औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायचं. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांपेक्षा कमी बाहेर पडली आणि औषधानंतरही तसंच राहिलं तर सीओपीडी, औषधाने बरंच सुधारलं तर बहुतेक दमा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पण आमच्याकडे त्यासाठी जिल्ह्याला नाहीतर पुण्याला जावं लागतं.

माझ्या आईने आयुष्यात विडी ओढली नाही, पण चुलीवर भाकऱ्या आणि बंबाचा धूर जन्मभर. तिला वर्षानुवर्षे वय झालंय, दमा आहे म्हणून सिरप आणि इंजेक्शनं देत राहिले. पुण्याला छातीच्या डॉक्टरांनी फुंकायला लावलं तेव्हा सीओपीडी निघाला, तोपर्यंत फुफ्फुसाचं जे जायचं ते गेलं होतं आणि ते परत येत नाही. सिगारेट न ओढणाऱ्या बाईला हा आजार होऊ शकतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, याचा मला खरंच राग येतो. २०१६ साली देशातल्या मृत्यूंच्या कारणांत हार्टच्या आजारानंतर दुसरा नंबर सीओपीडीचा होता, मग एवढ्या मोठ्या आजाराची साधी तपासणी तालुक्याला का नसावी?

दुसरं म्हणजे टीबी. एक्स-रेवर डाग दिसला की थुंकी न तपासताच कोर्स सुरू करणारे आजही आहेत. खडी क्रशरवर काम करणाऱ्याचा सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा डाग आणि टीबीचा डाग फिल्मवर सारखेच वाटतात, त्यात सिलिकोसिसवाल्याला टीबी पण लवकर होतो, त्यामुळे गोंधळ अजूनच वाढतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट सुद्धा टीबीच्या गोळ्या खात महिने घालवतात. म्हणून कामाचं विचारायलाच पाहिजे, सिलिकोसिस सरकारला कळवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे, पण कुठे काम करता हे विचारलंच नाही तर कळवणार काय? टीबीपुरतं तरी बरंच सुधारलंय, गोव्यात बनलेलं ट्रूनॅट हे थुंकीतला टीबी शोधणारं मशीन बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्रातही लावता येतं आणि तास-दोन तासांत रिझल्ट देतं. मशीन खालपर्यंत न्यायचं ठरवलं तर नेता येतं हे यातूनच दिसतं.

सीओपीडी आणि दमा केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आहेत, म्हणजे कागदावर सोय झालीय. आता प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी स्पायरोमेट्री ठेवा, धुरात किंवा धुळीत काम करणाऱ्यांना आणि दम लागणाऱ्यांना आधी बोलवा. नुसतं मशीन देऊन भागणार नाही, पेशंटने अर्धवट फुंकलं तर रिपोर्टच चुकतो, त्यामुळे नीट फुंकून घेणारा ट्रेनिंग झालेला माणूस हवाच. आणि निदान झालं की पंप तिथेच फुकट मिळाला पाहिजे, कारण दर महिन्याला शहरातून विकत आणणं परवडत नाही म्हणून लोक दोन महिन्यांत पंप सोडतात आणि परत सिरपवर येतात.

आपली,
एक वाचक, जि. सातारा