नाताळ: चार आठवडे आधीचे, दोन आठवडे नंतरचे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळचा बाजार झाला, सांताक्लॉजने येशूला मागे सारले, ही खंत ख्रिस्ती घरांत आणि चर्चमधल्या प्रवचनांत दर डिसेंबरात ऐकू येते. खंत खरी आहे. पण दुकानदाराने नोव्हेंबरात लाल टोप्या टांगल्या म्हणून आपला सण बिघडत नाही. आपणही त्याच्याच तारखा पाळू लागलो, म्हणून तो बिघडतो. दुकानातला नाताळ दिवाळीचे कंदील उतरले की सुरू होतो आणि २५ डिसेंबरच्या रात्री आटोपतो. चर्चचा नाताळ २४ च्या संध्याकाळी सुरू होतो आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. त्याआधीचे चार आठवडे वाट पाहण्याचे. शेजारी हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन आहेत आणि २५ डिसेंबर ही बहुतेकांसाठी सुट्टी आणि केक एवढीच गोष्ट आहे, अशा समाजात श्रद्धा जगायची तर सुरुवात आपल्या घरातल्या दिनदर्शिकेपासून करावी लागते. माझ्या ख्रिस्ती बांधवांसाठी, आणि उत्सुकतेने वाचणाऱ्या इतरांसाठीही, ते कसे करता येते हे थोडे तपशिलात लिहितो.

३० नोव्हेंबरला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे हे वाट पाहण्याचे आठवडे, सुरू होतो. २५ तारीख कोणत्या वारी येते त्यावर तो २२ ते २८ दिवसांचा होतो. या काळात मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, वेदीवरची फुलांची आरास बेताची असते आणि रविवारीही गौरवगीत, म्हणजे देवाच्या स्तुतीचे गीत, गायले जात नाही. ते नाताळच्या मिस्सेत पुन्हा सुरू होते. महिनाभर न गायलेले गीत त्या रात्री घंटांसह उठते, तेव्हा त्याचा आनंद कळतो. १ डिसेंबरपासून सभागृहांत ‘ख्रिसमस पार्टी’ सुरू झाल्या की तो आनंद हातचा जातो. आरास करणाऱ्या मंडळींची खरी अडचण २५ तारीख सोमवारी येते त्या वर्षी होते. २०२३ मध्ये तसे झाले. २४ ला सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार आणि त्याच संध्याकाळी नाताळ. अशा वर्षी हौसेने शनिवारीच फुले लावली जातात आणि चौथा रविवार गिळला जातो. कुंड्या, चौकटी, तारा आदल्या दिवशी तयार ठेवाव्यात, पण फुले रविवारी दुपारी लावावीत. चारपाच तासांत चर्च सजते, मात्र आठदहा माणसांना आधी सांगून ठेवलेले हवे.

घरातल्या आगमनकाळासाठी चार मेणबत्त्यांचे कडे हे उत्तम साधन आहे. ही प्रथा संस्कार नव्हे आणि फार जुनीही नव्हे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळ निराधार मुलांचा आश्रम चालवणारे योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये, नाताळला किती दिवस राहिले हे मुलांना दिसावे म्हणून, एका मोठ्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. आज घरी चार पुरतात. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार. रंगीत मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना फीत बांधावी. चार पणत्याही चालतात.

कडे बांबूच्या कामटीचे किंवा जाड तारेचे, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे करावे आणि त्यावर ओले तरट गुंडाळावे. हिरवळीसाठी प्लास्टिकच्या पाइनची गरज नाही. आसोपालव उत्तम टिकतो. किनाऱ्यावर सुरूच्या फांद्या मिळतात, पण सुरू आठवड्याभरात वाळतो आणि ठिणगी पडली की झर्रकन पेटतो. म्हणून हिरवळ दर रविवारी बदलावी, आणि मेणबत्ती पत्र्याच्या वाटीत, पानांपासून निदान पाच सेंटिमीटर वर बसवावी. नेहमी होणारी चूक मात्र वेगळी आहे. दोन सेंटिमीटर जाडीची मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर जळते. २० सेंटिमीटरची पहिली मेणबत्ती रोज जेवण होईपर्यंत तासभर लावली तर दुसऱ्या रविवारीच संपते, मग कडे अर्धवट राहते आणि मुलांचा रस जातो. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे लावावी. तेवढ्या वेळात बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातला एक उतारा, एक गीत आणि प्रत्येकाची एक विनंती होते. पहिली मेणबत्ती चारही आठवडे पुरते. दूरदर्शन आणि मोबाइल तेवढा वेळ बंद ठेवायला घरातल्या मोठ्यांनाच जड जाते, हे मान्य करून कामाला लागावे.

पैशाचा हिशेब पहिल्या रविवारच्या आधी बसवावा. कपडे, फराळ, रोषणाई, भेटी या चार ओळींच्या वर ‘दुसऱ्यासाठी’ ही ओळ लिहावी आणि ती रक्कम पाकिटात आधी काढून ठेवावी. शेवटी उरेल ते द्यायचे ठरवले तर उरत काहीच नाही. घरकामाच्या बाईंचा पगार थकलेला असेल, कोणाची उधारी असेल, भावाशी वाडीच्या बांधावरून बोलणे बंद असेल, तर ती कामे याच चार आठवड्यांतली. कॅथलिकांनी प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करायला, दुसऱ्या आठवड्यात जावे. २३ तारखेच्या रांगेत धर्मगुरूंना प्रत्येकाला दोन मिनिटे देणेही कठीण होते, आणि समेट करायला घरी वेळ उरत नाही.

आता गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी खऱ्या गवताची गव्हाणी, बैल आणि गाढव आणून लोकांना तारणाऱ्याची गरिबी डोळ्यांनी दाखवली. आपल्याकडे गोठ्यांच्या स्पर्धा होतात, आणि परीक्षक धबधबा, फिरती मोटार, दिवे यांना गुण देतात. मग गव्हाणी कोपऱ्यात जाते. स्पर्धा ठेवायचीच तर पहिला निकष हा ठेवावा: चार वर्षांच्या मुलाला उभ्याउभ्या बाळाची जागा दिसते का? गोठा जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असला की दिसते. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, ती मखराला जशी लागू आहे तशी गोठ्यालाही. बांबू, भाताचा पेंढा, गोणपाट, माती एवढे साहित्य पुरे. हॅलोजनचा दिवा पेंढ्याजवळ कधीही नको. एलईडीच्या माळेचे जोडही पेंढ्याबाहेर ठेवावेत.

हिरवळीसाठी गहू पेरावा. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना हे सांगावे लागणार नाही. गहू रात्रभर भिजवून, पसरट ताटलीत दोन-तीन सेंटिमीटर मातीवर दाट पसरावा, वर मातीचा पातळ थर द्यावा, दोन दिवस झाकून सावलीत ठेवावा, मग उजेडात आणावा आणि पाणी शिंपडावे, ओतू नये. पाणी साचले की बुरशी येते आणि कुबट वास सुटतो. १४ तारखेच्या सुमाराला पेरला तर २४ ला बोटभर उंच, उभा असतो. १ तारखेला पेरला की नाताळपर्यंत पिवळा पडून आडवा होतो. बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत ठेवू नये. रिकामी गव्हाणी मुलांना बरेच काही सांगते. बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, म्हणजेच तीन राजे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवावेत आणि जानेवारीतल्या त्यांच्या सणाला गोठ्याशी पोचवावेत. मेंढपाळांना घोंगडी आणि काठी दिली तर कोणाही मराठी माणसाला ते ओळखीचे वाटतात. बेथलेहेमची बातमी पहिल्यांदा रात्री कळप राखणाऱ्या माणसांना मिळाली, असे शुभवर्तमानात लूक सांगतो. आपल्या धनगरवाड्यांकडे पाहताना हे लक्षात राहावे.

नाताळची गाणी घेऊन घरोघर जाणाऱ्या तरुणांना थोडी शिस्त हवी. पेटी, ढोलकी, झांजा पुरतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून ख्रिस्ती भजनांची, अभंगांची मोठी परंपरा मराठीला लाभली आहे, मग इंग्रजी गाण्यांवर सांताचा पोशाख घालून डीजे का लावायचा? सोसायटीच्या सचिवांना आठवडाभर आधी भेटावे, कोणाकडे आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे का ते विचारावे, एका इमारतीत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. डब्यात जमलेले पैसे कशासाठी ते आधी सांगावे आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये आकडा वाचून दाखवावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. नाताळची रात्र त्यात आहे का, हे जिल्ह्याच्या आदेशात आधीच पाहावे. सवलत नसेल तर मैदानातली मिस्सा आठला सुरू करावी. बारा वाजताची हवी असेल तर चर्चच्या आत, आवाज आतच राहील अशी करावी. आपल्या भक्तीसाठी शेजाऱ्याच्या झोपेची किंमत घेऊ नये. मॉल, हॉटेल, रुग्णालय, कॉल सेंटर इथे २४ च्या रात्री पाळी असलेल्या तरुणांनीही अपराधी वाटून घेऊ नये. नाताळच्या चार मिस्सा असतात: संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. कोणत्याही एकीला गेले तरी सण पूर्ण होतो.

कार्यालयातला ‘सिक्रेट सांता’ नाकारण्याचे कारण नाही. आनंदाने भाग घ्यावा. सांताक्लॉज ज्यांच्यावरून आला ते संत निकोलस हे चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचे बिशप, त्यांचा सण ६ डिसेंबरला. त्या दिवशी मुलांच्या बुटांत चिक्की ठेवून त्यांची ओळख करून दिली, तर लाल टोपीवाल्याशी भांडावे लागत नाही. सहकाऱ्याने विचारले, ‘तुमचा नाताळ म्हणजे नेमके काय?’, तर दोन साधी वाक्ये तयार असावीत: देव माणूस होऊन आमच्यात राहायला आला असे आम्ही मानतो, आणि तो गरिबाघरी आला म्हणून आम्ही गरिबाकडे वेगळ्या नजरेने पाहायचा प्रयत्न करतो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेचे कारण सौम्यतेने आणि आदराने सांगा असे म्हटले आहे. करंज्यांच्या डब्यात पत्रके घालणे मला पटत नाही. शेजाऱ्याला वाटते फराळ हे निमित्त होते, आणि त्याचे बरोबर असते.

सगळ्यात जास्त लिहावेसे वाटते ते २५ नंतरच्या दिवसांविषयी, कारण तेच आपण सोडून दिले आहेत. २६ ला पहिला हुतात्मा स्तेफन, २७ ला योहान, २८ ला हेरोद राजाने येशूला संपवण्यासाठी मारलेली बालके, १ जानेवारीला देवमाता मरिया, मग तीन राजांचा सण. गोव्यात रेइश मागुश, कासावली, चांदर इथे तो ६ जानेवारीला अजून थाटात होतो. राजे झालेली मुले मिरवत येतात. बाकी ठिकाणी २६ लाच चांदण्या उतरतात आणि ३१ च्या पार्टीची तयारी लागते. २८ तारीख तर कोणाच्या लक्षातही नसते. त्याच हेरोदापासून वाचण्यासाठी येशूचे कुटुंब रातोरात मिसरला पळाले, म्हणजे परक्या देशात आश्रयाला गेले, असे मत्तय सांगतो. ऊसतोडीसाठी गाव सोडलेली कुटुंबे याच दिवसांत कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहत असतात. त्यांच्यासाठी घोंगड्या, मुलांसाठी स्वेटर, वह्या नेण्याचा दिवस कोणता, हे शोधायला लांब जायला नको.

बालगृहे आणि वृद्धाश्रम यांची अडचणही हीच. २० ते २५ डिसेंबर या दिवसांत एका दिवशी तीन-तीन मंडळे केक घेऊन येतात, मुले थकतात, स्वयंपाक वाया जातो. २ जानेवारीला कोणी फिरकत नाही. म्हणून भेट २७ नंतर ठेवावी आणि आधी फोन करून काय हवे ते विचारावे. बहुधा चादरी, औषधे, साबण, प्रौढांसाठी डायपर, शाळेची फी असे उत्तर येते. जुने कपडे द्यायचे तर धुऊन, बटणे लावून. धान्याची पिशवी एखाद्या कुटुंबाला द्यायची असेल तर ती मात्र २० तारखेच्या आत पोचली पाहिजे, म्हणजे त्यांच्याही घरी सणाचा स्वयंपाक होईल: पाच किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, लिटरभर तेल, साखर, रवा, आणि मुलांसाठी काही गोड. देताना फोटो काढू नये. बालगृहातल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला कायद्याचीच मनाई आहे, आणि उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये हे येशूचे सांगणे तर जुनेच आहे. शेजाऱ्यांकडे फराळही २६ ते १ च्या दरम्यान न्यावा. करंज्या, शंकरपाळे, नानखटाई, गोव्याकडच्या घरांतला दोदोल आठवडाभर सहज टिकतात, आणि तेव्हा बसून बोलायला दोघांनाही सवड असते.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. आपली नाताळची पाने २४-२५ डिसेंबरला केक आणि रोषणाईच्या छायाचित्रांनी भरलेली असतात. त्यातला एखादा स्तंभ नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आगमनकाळाला आणि एखादा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन राजांच्या सणाला द्यावा. मिस्सा आणि उपासनांच्या वेळा छापताना त्या त्या चर्चकडून त्या वर्षीच्या मागवून घ्याव्यात. ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे त्या बदलतात, आणि जुन्या वेळा वाचून म्हातारी माणसे बाराला बंद दारापाशी पोचतात.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, वसई