रोटरी इंजिनाची मापे जुळवून देणाऱ्या मेस्तकाकांना जाहीर आभारपत्र

फोंडा, गोवा

आदरणीय मेस्तकाका,

सादर नमस्कार.

कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आमच्या गाडीने ठरलेल्या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या, तेव्हापासून हौशी शर्यतींत उतरणारी मंडळी मला टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) किती मोठा आहे, बूस्ट (त्या हवेचा दाब) किती ठेवला आहे आणि ट्यूनिंग कोणी केले, हे विचारत आहेत. इंजिनाच्या आतली मापे कोणी जुळवली, असे मात्र कोणीच विचारले नाही. टर्बो बसवलेले रोटरी इंजिन टिकते ते त्या मापांवर, आणि आमच्या इंजिनातले प्रत्येक माप तुमच्या हातचे आहे. म्हणून तुमचे आभार घरी येऊन मानण्याबरोबरच सर्वांसमोरही मानावेत, असे मनापासून वाटले.

तुमची उमेदीची वर्षे मांडवी आणि झुवारीवरच्या खनिजवाहू बार्जेसच्या डिझेल इंजिनांवर काम करण्यात गेली. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, बार्जेस धक्क्याला लागल्या आणि तुमच्या कारखान्यातले कामही आटले, तरी लेथ, मायक्रोमीटर आणि डायल गेज तुम्ही तेलपाणी करून जपून ठेवले होते. जपानच्या माझदा कंपनीच्या आरएक्स-7 या स्पोर्ट्स गाडीतले 13बी रोटरी इंजिन घेऊन मी तुमच्याकडे आले, तेव्हा असले इंजिन आपण कधी पाहिलेले नाही, हे तुम्ही स्पष्टपणे सांगितलेत आणि लगेच म्हणालात, ‘‘बाय, आधी हे फिरते कसे ते दाखव, खोलायचे ते मग बघू.’’ एकमेकांशेजारचे दोन त्रिकोणी रोटर, प्रत्येकाच्या कप्प्याची क्षमता 654 सीसी, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही आणि रोटरच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे तीन फेरे, हे सगळे समजून घेताना तुम्ही शाफ्ट हाताने किती वेळ फिरवत राहिला होतात, ते मला अजून आठवते.

खोलण्याआधी घेतलेली कॉम्प्रेशनची, म्हणजे कप्प्यांतली हवा किती दाबली जाते याची, तपासणी हा माझ्यासाठी पहिला धडा ठरला. साध्या गेजचा व्हॉल्व्ह काढून आपण ते प्लगच्या भोकात बसवले आणि स्टार्टरवर इंजिन फिरवले. मागच्या रोटरच्या तिन्ही बाजूंना काटा सारखाच उसळत होता, पण पुढच्या रोटरला एक उसळी पूर्ण आणि दोन अर्धवट, असा क्रम येत होता. दोन बाजू निकामी झाल्या असाव्यात, असे आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही म्हणालात की शेजारच्या दोन कप्प्यांमध्ये भिंत एकच असते, ती मोडली की दोन्ही कप्पे जातात. म्हणजे एकच अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची, कप्पे वेगळे ठेवणारी पट्टी) गेलेले आहे. इंजिन उघडल्यावर तसेच निघाले. आधी ज्या गॅरेजमध्ये या इंजिनाचे काम झाले होते तिथे बूस्ट वाढवला होता, पण त्या प्रमाणात इंधन वाढवले नव्हते. त्यामुळे नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊन 2 मिलिमीटर जाडीच्या त्या सीलचा तुकडा उडाला होता, हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) क्रोमवर खोल चरे पडले होते आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडताना त्याच तुकड्याने टर्बाइनच्या पात्यांचे कोपरे उडवले होते.

डिझेलच्या सिलिंडरला होनिंग (आतून घासून सारखे करणे) करता येते किंवा नवा लायनर घालता येतो. इथे ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये पोलादी पत्रा आणि त्यावर कठीण क्रोमचा पातळ थर असतो, त्यामुळे चरे पडलेले हाउसिंग बदलण्याखेरीज इलाज नव्हता. माझदाच्या केनिची यामामोतो यांच्या चमूलाही 1960 च्या दशकात हाच भाग छळत होता, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितले होते. सील थरथरत पुढे सरकायचे आणि हाउसिंगवर ओरखड्यांची रांग उमटायची; त्या ओरखड्यांना ते लोक सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. त्यांनी ते कसे सोडवले, हे तुम्ही लगेच विचारलेत, आणि कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेल्या सीलमुळे 1967 ची कॉस्मो स्पोर्ट बाजारात येऊ शकली, हे ऐकून सीलच्या धातूपासून त्याखालच्या स्प्रिंगच्या ताकदीपर्यंत तुम्ही प्रश्न विचारत गेलात. 1991 मध्ये याच कंपनीच्या चार रोटरच्या 787बी गाडीने ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली, यापेक्षा तुम्हाला त्या सीलचे कौतुक अधिक वाटले होते.

बाजूच्या बिडाच्या प्लेटी घासून सपाट करून घ्याव्यात, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. तुम्ही सरळपट्टी आणि फीलर गेज लावून वाक पाहिलात, डायल गेजने सीलच्या वाटेवरची झीज पाहिलीत, आणि वाक 0.04 मिलिमीटरच्या व झीज 0.10 मिलिमीटरच्या मर्यादेत आहे म्हटल्यावर प्लेटींना हात लावायला ठाम नकार दिलात. त्यांच्या पृष्ठभागावरचा नायट्रायडिंगचा कडक थर मुळातच पातळ असतो आणि तो विनाकारण काढून टाकला की खालचे बीड लवकर झिजते, हे तुमचे म्हणणे मला आजही पूर्णपणे पटते. वर्कशॉपमध्ये जास्तीचे काम करून देणारे पुष्कळ भेटतात; नको असलेले काम नाकारणारे तुम्ही मला पहिलेच भेटलात.

साइड सील बसवण्याचे काम तर मी जन्मभर विसरणार नाही. दोन रोटर, प्रत्येकाच्या दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला तीन, अशी ही 12 पातळ, बाकदार पाती असतात. सील आणि कॉर्नर सील (रोटरच्या कोपऱ्यावरचे छोटे गोल सील) यांच्यातली फट 0.05 ते 0.15 मिलिमीटर हवी. ती कमी पडली तर तापल्यावर सील अडकते आणि जास्त झाली तर कॉम्प्रेशन तिथूनच निसटते. तुम्ही प्रत्येक सीलसाठी औषधाच्या दुकानातली कागदी पुडी घेतलीत आणि तिच्यावर ‘पुढचा रोटर, मागची बाजू, दुसरी खाच’ असे पेन्सिलीने लिहिलेत. मग बारीक कानशीचा एक हलका हात, रॉकेलमध्ये धुणे, खाचेत बसवणे, फीलर गेज सरकवून पाहणे आणि पुन्हा कानस, असे एकेका सीलवर चालले. पट्टी सहज जाते आणि किंचित ओढ घेऊन जाते यातला फरक तुम्ही माझे बोट धरून मला दाखवलात. शेवटची काही सील तुम्ही मला घासायला दिलीत आणि प्रत्येक स्वतः मोजूनच पुढे जाऊ दिलेत, याचा मला फार अभिमान आहे.

पोर्टिंगच्या, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची तोंडे मोठी करण्याच्या, वेळीही तुमचा प्रश्न हाच होता की सील कशावर टेकणार. आमच्यातल्या काहींना ब्रिज पोर्ट (मुख्य तोंडाशेजारी कापलेले जास्तीचे तोंड) हवे होते. तुम्ही रोटर हाताने फिरवत कॉर्नर सीलची वाट मार्किंग ब्लूने प्लेटवर उमटवलीत आणि त्या वाटेच्या आतच इनटेकचे पोर्ट उशिरा बंद होईल इतके मोठे केलेत. पोर्टची कड सीलला चावू नये म्हणून ती उतरती केलीत, आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी क्रोम उडू नये म्हणून तिथेही हलका उतार दिलात. इंजिन बांधताना सील जागेवर राहावीत म्हणून व्हॅसलीन, लांब बोल्ट ठरलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळणे, आणि शेवटी शाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल 0.04 ते 0.07 मिलिमीटरमध्ये येईपर्यंत स्पेसर बदलणे, हे सगळे तुम्ही त्याच निगुतीने केलेत.

टर्बोचे काम आमच्या ट्यूनरचे, आणि त्याचेही आभार मी मानतेच. मूळच्या दोन टर्बोंच्या जागी एक मोठा टर्बो आला. रोटरीचा एक्झॉस्ट फार तापलेला आणि जोरकस असतो, तो वेस्टगेटकडे (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेकडे) सरळ वळला नाही तर बूस्ट आपोआप चढत राहतो, म्हणून मॅनिफोल्डची (एक्झॉस्ट टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीची) ती शाखा तुम्ही पुन्हा कापून नव्या कोनात जोडलीत. बूस्ट 0.9 बारवर थांबवला, प्रत्येक रोटरच्या दोन प्लगपैकी ट्रेलिंग (नंतर पेटणाऱ्या) प्लगची ठिणगी लीडिंगच्या (आधी पेटणाऱ्याच्या) पुरेशी मागे ठेवली आणि पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळायची सवय लावून घेतली. 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल पाणी ओढते आणि गोव्याचा पावसाळा बिडाला गंज चढवतो, म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, प्लगच्या भोकांतून तेल सोडायचे आणि दर आठवड्याला इंजिन हाताने फिरवायचे, हा तुमचा नियम मी काटेकोरपणे पाळते.

करीवरून परतल्यावर मी कॉम्प्रेशन पुन्हा पाहिले. दोन्ही रोटरच्या सहाही बाजूंना काटा सारखाच उसळतो. काट्याचे वाचन तुमच्या वहीत लिहून ठेवावे म्हणून मी चवथ (गणेश चतुर्थी) झाली की गाडी घेऊन येणारच आहे; तोवर टर्बोचा शाफ्ट आणि तेलाच्या नळ्या तपासायच्या राहतील, त्या तुमच्यासमोरच उघडीन. पुढच्या हंगामात कोईमतूरला तुम्ही आमच्याबरोबर यावे, अशी माझी आणि आमच्या सगळ्या चमूची आग्रहाची विनंती आहे. तुमच्या प्रवासाची आणि राहण्याची व्यवस्था आम्ही करू, आणि गाडीच्या दारावर इंजिन बांधणाऱ्याचे म्हणून तुमचे नाव रंगवायला तुमची परवानगी हवी आहे.

आपली ऋणी,
तुमच्याकडे सील घासायला शिकलेली फोंड्याची मुलगी