बुकिदनोनहून आई-बाबांना

प्रिय आई आणि बाबा,

जय ख्रिस्त!

ताईच्या फोनवरून आईनं पाठवलेला निरोप ऐकला. नाताळात काय जेवलास, कोणाच्या घरी होतास, एकटा तर नव्हतास ना? फोनवर या गोष्टी धड बोलून होत नाहीत. सिग्नल मध्येच जातो, बाबांना ऐकायला कमी येतं आणि शेवटी ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणून फोन ठेवला जातो. म्हणून सगळं लिहून पाठवतोय. ताई मोठ्या अक्षरात छापून आणून देईल.

आधी वादळांचं. टीव्हीवर फिलिपिन्सचं नाव आलं की तुमच्या जिवाला घोर लागतो, हे मला माहीत आहे. पण बातम्यांत लुझोन, सामार, लेते ही नावं येतात, ती बेटं आमच्या उत्तरेला. आमचं मिंदानाव दक्षिणेला, आणि बुकिदनोन त्याच्याही मधोमध, उंच पठारावर. इथून समुद्र दिसत नाही. दिसतो तो किटांगलाडचा डोंगर, २,८९९ मीटर उंच, आणि खाली अननस, ऊस, मका. डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो. आईनं बॅगेत कोंबलेला तो निळा स्वेटर रोज अंगावर होता.

इथे सप्टेंबर लागला की दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात आणि दारोदार पारोल लागतात. बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद चिकटवून केलेला पाच टोकांचा तारा. पण खरी लगबग १६ डिसेंबरपासून. त्या दिवसापासून २४ तारखेपर्यंत रोज पहाटे चारला मिस्सा. मनिलाकडे तिला सिम्बांग गाबी म्हणतात, आमच्याकडे मिसा दे गाल्यो. स्पॅनिश मिशनऱ्यांच्या काळापासूनची ही रीत. उजाडलं की शेतकऱ्याला शेत गाठायचं असतं, म्हणून मिस्सा त्याच्या आधी. चर्चनं शेतकऱ्याची वेळ पाळली, ही गोष्ट मला फार भावते.

आम्ही साडेतीनला चर्चमध्ये जातो तेव्हा बायकांनी आधीच बाक पुसून ठेवलेले असतात. एकेका मोटरसायकलवर चार-चार माणसं येतात, डोंगराकडची टॉर्च घेऊन पायी येतात. मळ्यात काम करणारी पोरं गमबूट घालूनच येतात आणि शेवटचा आशीर्वाद झाला की तशीच ट्रकमध्ये चढतात. चर्चमध्ये जागा पुरत नाही, निम्मे लोक अंगणात उभे. इतक्या पहाटे इतक्या जोरात गाणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती.

मिस्सा सुटली की फाटकाबाहेर चुली पेटलेल्याच असतात. बिबिंगका करणारी बाई तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात कालवून केळीच्या पानावर ओतते, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. शेजारी पुतो माया, म्हणजे नारळाचं दूध आणि आलं घालून शिजवलेला चिकट भात, आणि त्याच्यासोबत सिक्वाते. कोकोच्या वड्या पाण्यात उकळून लाकडी रवीनं घुसळतात, फेस आला की कपात. आणि आई, पुतो नावाचा वाफवलेला प्रकार आहे ना, तो तर थेट तुझ्या सांदणासारखा. पहिला घास घेतला आणि मला थोडा वेळ बोलताच आलं नाही.

आता मी राहतो त्या लोकांबद्दल. आमच्या धर्मग्रामात वाडीवाडीवर चॅपल आहे आणि फादर फक्त दोन. एकेका चॅपलला महिन्यातून एखादी मिस्सा मिळते. बाकीच्या रविवारी लोक स्वतः जमतात, शास्त्रपाठ वाचतात, त्यावर बोलतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. १९७१ मध्ये मिंदानाव आणि सुलूच्या ख्रिस्तसभेनं पहिली मोठी परिषद भरवली, तेव्हापासून या छोट्या छोट्या समूहांवर इथे भर आहे. लोक त्यांना जीकेके म्हणतात, म्हणजे छोटे ख्रिस्ती समूह. आपल्याकडे चर्च म्हटलं की फादर डोळ्यांसमोर येतात. इथे चर्च म्हटलं की वाडीतली दहा-बारा घरं आणि त्यांतली एखादी म्हातारी.

आमच्या एका वाडीत अशीच एक लोला आहे. लोला म्हणजे आजी. सत्तरी उलटलीय, गुडघे आईसारखेच कुरकुरतात, आणि चॅपलची किल्ली तिच्या कमरेला. तिच्याकडे शाळेची एक जुनी वही आहे. वाडीतल्या प्रत्येक घराला एक पान. कोण अंथरुणावर आहे, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा राहिलाय, कोणाकडचे तांदूळ संपलेत, कोण दोन रविवार दिसलं नाही. मी गेलो की ती आधी वही उघडते, बोट ठेवते आणि सांगते, पहिल्यांदा या घरी जा. मी इतकी वर्षं सेमिनरीत जे शिकलो त्याला तिच्या वहीमुळे हातपाय फुटले.

तिची दोन मुलं परदेशी आहेत. मुलगा जहाजावर, मुलगी कुवेतला एका घरात कामाला. मुलीची दोन लेकरं लोलाजवळ वाढतात. हे या एकाच घराचं नाही. बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी आखातात, हाँगकाँगला, नाहीतर बोटीवर. वर्षअखेरीस मोठमोठे खोके येऊ लागतात. बालिकबायान बॉक्स म्हणतात त्यांना. साबण, बूट, चॉकलेटं, डबाबंद मांस, टॉवेल. महिनोन् महिने थोडं थोडं जमवून भरलेला खोका. लोलाच्या घरी तो उघडला तेव्हा मी तिथे होतो. धाकट्या नातवाचे बूट एक नंबरानं लहान निघाले. वर्षभरात पाय किती वाढला, हे आईला तिकडे कसं कळावं! लोलानं फोनवर सांगितलं, अगदी बरोबर बसले.

२४ तारखेला यंदा रात्रीची मिस्सा लवकर आटोपली आणि लोला मला नोचे बुएनाला, म्हणजे नाताळच्या मध्यरात्रीच्या जेवणाला, घरी घेऊन गेली. पान्सितच्या शेवया, गोडसर स्पॅगेटी, लाल मेणातलं चीज, भाजलेलं डुकराचं मांस. आई, मी पोटभर जेवलो, दोनदा वाढून घेतलं. बाराला मुलीचा फोन आला. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर ठेवला आणि सगळे त्याच्यासमोर दाटीवाटीनं बसले. तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले. मालकिणीच्या स्वयंपाकघरात उभं राहून ती बोलत होती, मागे कुकरचा आवाज. लोलानं पहिला प्रश्न विचारला, ‘जेवलीस का?’ फोन बंद झाल्यावर ताटं गोळा करता करता ती मला म्हणाली, तुझी आई अजून जागी असेल, लाव फोन. त्या रात्री तुम्ही मिस्सेला निघताना माझा फोन आला होता ना, तो तिनं लावायला लावला.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. मुलं लांब असलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे मी रोज जातो. त्यांना कम्युनियन नेऊन देतो, गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून दाखवतो, दवाखान्यात सोबत जातो, मुलांना फोन लावून देतो. यातलं एकही काम मी तुमच्यासाठी करत नाही, आणि ते मला बोचतं. देवाच्या कामात आहे म्हणून बोचू नये, असं मला वाटत नाही. लोलाची मुलगी पैशांच्या गरजेपोटी लांब आहे, मी माझ्या इच्छेनं. हा फरक मला कळतो. बाबा, विमानतळावर तुम्ही म्हणालात, देवाला दिला म्हणजे दिला. पण दिलेल्या मुलालाही आईबापाची काळजी करायचा हक्क उरतोच, तो तुम्ही मला नाकारू नका.

ताई सांगत होती की धर्मग्रामातली तरुण मुलं विचारपूस करायला येतात तेव्हा बाबा दारातूनच ‘आमचं सगळं ठीक आहे’ म्हणून त्यांना वाटेला लावतात. असं करू नका. इथे लहानांनी मोठ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावायची रीत आहे. मी घरात शिरलो की म्हातारी माणसं आपणहून हात पुढे करतात. माझ्याकडून मदत घेताना त्यांना कमीपणा वाटत नाही, कारण तेही मला काहीतरी देतच असतात. तुमच्या दारी येणाऱ्या पोरांनाही आत बसवा, चहा द्या, वसईची झाडं-पाणी वाचवायच्या त्या हरित वसई आंदोलनाच्या गोष्टी सांगा. फादर दिब्रिटोंबरोबर बाबा मोर्चात गेले होते हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

त्यावरून आठवलं. इथेही तसंच घडलंय. १९८७ मध्ये सान फर्नांदो गावच्या लोकांनी रस्त्यावर बसून लाकडाचे ट्रक अडवले. जंगल गेलं की झरे आटतात आणि खालची भातशेती मरते, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. इथल्या फादरांनी त्यांची बाजू घेतली. त्यांतले एक तरुण फादर, नेरिलितो सातुर, ऑक्टोबर १९९१ मध्ये मिस्सा देऊन परतताना गोळ्या घालून मारले गेले. घाबरू नका, मी मुलांबरोबर फक्त रोपं लावतो. पण त्यांची गोष्ट ऐकताना मला सारखी आपली केळीची बाग, विहीर आणि बाबांचे ते मोर्च्याचे दिवस दिसत होते.

गेल्या रविवारी सांतो निन्योचा, बाळ येशूचा सण झाला. १५२१ मध्ये मॅगेलाननं सेबूच्या राणीला दिलेली बाळ येशूची मूर्ती अजून सेबूच्या बॅसिलिकात आहे. सेबूला लाखो लोक लोटतात. आमच्याकडे चॅपलच्या अंगणात एक ढोल, हातात छोट्या मूर्ती, आणि दोन पावलं पुढे, एक मागे असा नाच. लोलाही नाचली. पुढे पवित्र आठवडा आणि ईस्टरच्या पहाटेची सुगात, म्हणजे येशू आणि मरियेच्या भेटीची मिरवणूक, त्याबद्दल तेव्हा लिहीन.

फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियांचा सण येतोय. त्या दिवशी मला बोलायला सांगितलंय. वसईचा मुलगा मनिलाला येऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्तांबरोबर दुभाष्या म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर गेला. पुढे चाळीस वर्षांनी, १६३७ मध्ये, मनिलाच्या बिनोंदो भागातला लोरेन्झो रुइझ, बायकापोरांचा माणूस, त्याच नागासाकीत शहीद झाला. तो फिलिपिन्सचा पहिला संत. हे लोलाला सांगितलं तर ती म्हणाली, मग तू इथे पाहुणा कसला? चारशे वर्षांपासूनची ये-जा आहे तुमची.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून घ्या. पैशांचं ताईशी बोललोय. आईनं गुडघ्यांसाठी सांगितलेला व्यायाम रोज करायचा, पाहुणे आले तरी. फोन रविवारी संध्याकाळी सातला करेन, तेव्हा इथे साडेनऊ झालेले असतात आणि सिग्नल बरा असतो.

आणि एप्रिलमध्ये आमच्या संघाचे एक फादर मुंबईहून इकडे येणार आहेत. त्यांच्याजवळ सुकेळी द्या. थोडी जास्तच द्या, लोलाची नातवंडं आहेत, आणि तिच्या वहीतली बाकीची घरंही आहेत.

तुमचा,
बाबू