इम्युनिटी शिकवताना सुरुवात वासरापासून करा

संपादक साहेब, नमस्कार.

व्हेटर्नरीच्या पोरांना इम्युनिटीचा विषय नुसता पाठ करायला लावतात याबद्दल लिहायचंय. मीही तसाच पाठ केला, टी सेल, बी सेल (रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्यातल्या बी सेल अँटीबॉडी बनवतात), अँटीबॉडीचे म्हणजे रोगजंतूंना पकडणाऱ्या प्रथिनांचे पाच प्रकार, पेपर झाला की सगळं साफ. मग प्रॅक्टिसमध्ये तीन दिवसांचं वासरू हगवणीनं आडवं पडलेलं बघितलं आणि मालकाला विचारलं चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध, कधी पाजला, तर म्हणे दुसऱ्या दिवशी, तेव्हा मला हा विषय खरा कळला.

माणसाच्या बाळाला वारेतूनच आईच्या अँटीबॉडी मिळतात, गाईच्या वारेतून त्या जातच नाहीत, म्हणजे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची काहीच शिदोरी नसते, जे मिळायचं ते चिकातूनच. आणि त्यालाही वेळ बांधलेली! सुरुवातीला आतडं अख्ख्या अँटीबॉडी जशाच्या तशा रक्तात घेतं, पहिल्या 6 तासांत सगळ्यात चांगलं, नंतर ते कमी कमी होत साधारण 24 तासांत दार बंदच. म्हणून वजनाच्या 10 टक्के, म्हणजे 40 किलोच्या वासराला 4 लिटर चीक लवकरात लवकर पोटात गेला पाहिजे, दुसऱ्या दिवशी कितीही पाजा, रक्तात काही फारसं जात नाही. वासराची स्वतःची यंत्रणा असते हो, पण तिला पुरेशा अँटीबॉडी बनवायला आठवडे लागतात.

कुत्र्याच्या पिल्लाचं उलटं दुखणं. आईकडून आलेल्या अँटीबॉडीच लसीला निकामी करतात आणि त्या कुठल्या पिल्लात कधी संपतील ते बघून सांगता येत नाही, म्हणून तर 3-4 आठवड्यांच्या अंतरानं 16 आठवड्यांपर्यंत डोस द्यायचे. हे कारण माहीत नसलेला डॉक्टर मालकाला काय समजावणार, मालकाला वाटतं पैसे काढायचे धंदे.

कोंबडीचं तर विशेषच, बी सेलमधला बी हा तिच्या शेपटीखालच्या बर्सा नावाच्या पिशवीवरून आलाय, 1956 साली ग्लिक आणि चँग या संशोधकांनी दाखवलं की लहानपणीच बर्सा काढलेल्या कोंबड्या अँटीबॉडी नीट बनवत नाहीत. गंबोरो या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगात नेमका हाच बर्सा खराब होतो, मग बाकीच्या लसीही नीट लागत नाहीत. एवढी भारी गोष्ट आम्हाला एका ओळीत उरकली होती.

शिकवणाऱ्यांना विनंती आहे की पहिल्याच तासाला पोरांना गोठ्यात न्या, नुकतं जन्मलेलं वासरू दाखवा, आणि टी सेलचा तक्ता दुसऱ्या दिवशी काढा.

— एक पशुवैद्यक