सुपरव्हिजनबद्दल एक शब्दही नाही!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतला क्लिनिकल आणि समुपदेशन मानसशास्त्रावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. ज्यांना लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं त्यांनी खुशाल हा विषय घ्यावा, आणि खासगी संस्था परवडत नसेल तर सरकारी विद्यापीठही 'चालून जाईल', असा त्याचा एकंदर सूर. माझा राग दोन्ही विधानांवर आहे. मी हे शिक्षण अशाच एका विद्यापीठात घेतलं, आणि नुसतं ऐकून घेणं किती अपुरं पडतं हे तिथेच शिकले.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. विभागाच्या समुपदेशन केंद्रात माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे एक गृहस्थ येत. त्यांची लेखी परवानगी घेऊन सेशन रेकॉर्ड होत असे. त्या दिवशी बोलता बोलता ते म्हणाले, "आता कुणाला फार दिवस त्रास देणार नाही." आणि मी लगेच विचारलं, "झोप कशी लागतेय?" सेशन छान झालं असं मला वाटत होतं. दुपारी माझं काम तपासणाऱ्या प्राध्यापक बाईंसमोर रेकॉर्डिंग लावलं. त्या वाक्याशी त्यांनी ते थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा एकदा. मग एवढंच विचारलं, "इथे तू कशाला घाबरलीस?"

मी आत्महत्या हा शब्द उच्चारायला घाबरले होते. विचारलं तर नसलेला विचार आपणच त्यांच्या डोक्यात घालू असं वाटलं होतं. थेट विचारल्याने तसं होत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून चांगले गुणही मिळवले होते. खुर्चीत बसल्यावर ते ज्ञान कुठे गेलं ते कळलं नाही. बाईंनी मला शेजारी बसवून तेव्हाच त्या गृहस्थांना फोन लावायला सांगितला. मी विचारलं. ते "हो" म्हणाले. मग पुढचे प्रश्न: कधीपासून, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आत्ता घरात कोण आहे. बाई एकेक चिठ्ठी पुढे सरकवत होत्या आणि मी वाचत होते. त्यांच्या संमतीने घरच्यांना कळवलं, आणि त्याच संध्याकाळी ते मानसोपचारतज्ज्ञांना भेटले.

त्या एका दुपारीने मला जे शिकवलं ते दोन वर्षांच्या व्याख्यानांनी शिकवलं नाही. आपलं काम कुणीतरी अनुभवी माणसाने शब्दन् शब्द ऐकणं, यालाच सुपरव्हिजन म्हणतात. तुमच्या अख्ख्या पानभर लेखात तो शब्द नाही. नोकऱ्यांच्या संधी आहेत, प्रवेशपरीक्षेची तयारी आहे, 'सहानुभूतीशील स्वभाव' आहे. हे नाही.

आणि ही पद्धत रुजली कुठे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स 1940 साली तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात गेले, ते सार्वजनिक, म्हणजे सरकारीच विद्यापीठ. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाची सेशन्स तबकड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली, आणि 1942 मध्ये एका क्लायंटशी झालेला सगळा संवाद जसाच्या तसा छापला. तोवर बंद दाराआड काय बोललं जातं हे शिकणाऱ्याला कळायला फारसा मार्ग नव्हता. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाला संशोधन आणि प्रत्यक्ष उपचार दोन्ही आले पाहिजेत, हे 1949 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या परिषदेत ठरलं, ती कोलोरॅडो विद्यापीठात भरली होती. जगभर वापरली जाणारी एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व चाचणी मिनेसोटा विद्यापीठात तयार झाली. ही सगळी सार्वजनिक विद्यापीठं. 'चालून जाईल' हे शब्द लेखकाने कोणत्या आधारावर लिहिले?

समुपदेशन म्हणजे क्लिनिकलला प्रवेश न मिळालेल्यांसाठी सोपा पर्याय, हेही चूक. त्याची मुळं व्यवसाय मार्गदर्शनात आहेत, आणि माणसाच्या ताकदीवर, नात्यांवर, आयुष्यातल्या वळणांवर त्याचा भर असतो. क्लिनिकलमध्ये निदान, चाचण्या आणि गंभीर आजारांवर अधिक. रोजच्या कामात दोन्ही वाटा सारख्या एकमेकींत मिसळतात. ते गृहस्थ 'साध्या' समुपदेशनालाच आले होते.

सरकारी विद्यापीठाची बाजू घेते म्हणून तिथलं दुखणं झाकणार नाही. आमच्या विभागात एकतर्फी काचेची एक खोली होती. पलीकडे बसून बाकीचे विद्यार्थी सेशन पाहायचे. मी शेवटच्या सत्रात असताना तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले, काचेला टेकून, छतापर्यंत. 'तात्पुरते' म्हणून आले ते हललेच नाहीत. बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरली गेली नाही. माझ्यानंतरच्या तुकडीतल्या एका मुलीने सांगितलं की वर्षभरात तिचं एकच रेकॉर्डिंग ऐकलं गेलं, तेही दहा मिनिटं. वाईट मला याचं वाटतं. शिकवायला माणसं ठेवायची नाहीत आणि मग दर्जा नाही म्हणायचं, असं चाललं आहे.

जाता जाता आणखी एक. लेखात 'मानसोपचारतज्ज्ञ' आणि 'मानसशास्त्रज्ञ' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधं ते देतात. वर्तमानपत्रच हा घोळ घालणार असेल तर मदत शोधणाऱ्या माणसाने कुठलं दार ठोठावायचं? आणि डोकं हातात धरून बसलेल्या माणसाचा तो काळोखा फोटो आता पुरे करा, ही कळकळीची विनंती.

पुढच्या आठवड्यात लेखाचा दुसरा भाग येणार आहे म्हणे. त्यात निदान एवढं छापा: प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन विचारा, सुपरव्हायजर किती आहेत, एका विद्यार्थ्याची किती सेशन्स पूर्ण ऐकली जातात, आणि काचेची खोली उघडून दाखवायला सांगा.

आपली,
एक वाचक आणि समुपदेशक