आरसा जागेवर आहे, काका

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल.

आरसा लावून आज सोळा दिवस झाले. आजीच्या लग्नातला, शिसवी चौकटीचा, २२ किलोचा आरसा. जुना खिळा गंजला म्हणून वर्षभर पलंगाखाली गोधडीत गुंडाळून पडला होता. तो माजघरात परत लागावा, एवढंच आईचं मागणं होतं.

तुमच्याआधी दोघे येऊन गेले. पहिल्याने हॅमर ड्रिल लावलं आणि परातीएवढा गिलावा खाली आला. वर सल्ला, "वाडा पाडा आणि बिल्डरला द्या." पैसे मात्र मोजून घेतले. दुसऱ्याने त्या खड्ड्यात सिमेंट भरलं, प्लॅस्टिकचा प्लग ठोकला आणि म्हणाला, "आता हत्ती टांगा." हत्ती राहू दे, आधी बाबांचा फोटो लावून पाहिला, तर तोच रात्री दोनला प्लगसकट खाली आला. तेव्हापासून आई त्या भिंतीच्या कडेने जाईना.

तुम्ही आलात ते हातोडी पिशवीतच ठेवून. बोटाच्या पेराने टकटक करत अख्खी भिंत ऐकलीत. खाली कमरेपर्यंत ती भद्द वाजली, तेव्हा विचारलंत, "पानशेतचं पाणी इथवर आलं होतं का?" आलं होतं. १९६१च्या त्या पुरानंतर आजोबांनी खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग गिलावा भिंतीपासून सुटतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. मग बारीक भोक पाडून भुकटी तळहातावर घेतलीत. पांढरी, मग मातकट. हातभर सरकून पुन्हा पाडलंत, तर पांढऱ्यामागून लाकडाचा भुसा आला. "हा बघा तुमचा खांब. वजन याच्यावर द्यायचं, गिलावा म्हणजे नुसती कातडी." चाळीस वर्षं या घरात राहतेय, भिंतीच्या पोटात सागवानी खांब आहे हे मला माहीत नव्हतं!

पुढचं काम तुमचं तुम्हाला माहीत. मला लिहायचंय ते त्या पोत्याबद्दल.

हूक बसल्यावर तुम्ही आरसा मागितलाच नाहीत. आईचा चेहरा पाहिलात आणि म्हणालात, "तांदळाचं पोतं आहे का?" २५ किलोचं पोतं सुतळीने हुकाला टांगलंत, त्याच्या खालच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारलीत. "आजी, रात्री जाग आली तर बघा, पोतं रेघेखाली उतरलंय का." सकाळी सात वाजता सायकलवरून परत आलात, वाकून रेघ पाहिलीत आणि मगच आरसा चढवलात. त्या फेरीचे पैसेही घेतले नाहीत.

हुशार कारागीर पुण्यात कमी नाहीत. पण ८१ वर्षांच्या बाईला झोप लागायला हवी, हेही आपल्याच कामात धरणारा माणूस मला तरी पहिल्यांदा भेटला.

त्या रात्री आई दोनदा उठून बॅटरीने रेघ बघून आली. मी जागीच होते, तिला कळू दिलं नाही. आता ती आरशासमोरच बसून वेणी घालते.

तुमची पेन्सिल देवळीत राहिली आहे. न्यायला या, पण चहाला वेळ काढून.

तुमची,
माजघरवाली ताई